ओटीवरची कचेरी

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी जारी झाली आणि ज्यांचे काम कागद, आकडे वा अक्षरे यांच्याशी होते अशा असंख्य नोकरदारांची कचेरी एका रात्रीत त्यांच्या घरी येऊन दाखल झाली. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन गावांनी हा पालट फार जवळून पाहिला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई येथे नोकरीसाठी खोल्या घेऊन राहिलेले तरुण आपापल्या घरी परतले. पनवेलला गाडी बदलून रोज मुंबई गाठणाऱ्यांचा पहाटेचा प्रवास थांबला. आणि ‘वर्क फ्रॉम होम’ हे शब्द, ज्यांनी इंग्रजीचे एकही पुस्तक उघडले नव्हते अशा आजीबाईंच्याही तोंडी रुळले. पुढे टाळेबंदी उठली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या. तरी ही प्रथा सर्वस्वी गेली नाही. आठवड्यातील काही दिवस कचेरीत आणि काही दिवस घरी, अशी वाटणी अनेक नोकऱ्यांत आता कायम झाली आहे.

या प्रथेबरोबर उपदेशाचेही पीक आले. सकाळी वेळेवर उठावे, स्नान करून कपडे बदलूनच कामास बसावे, मधून मधून पाय मोकळे करावेत, कुटुंबीयांना वेळ द्यावा, रात्री यंत्र बंद करावे. यातील एकही गोष्ट खोटी नाही. तथापि हा सारा उपदेश काम करणाऱ्याच्या शिस्तीवर भार टाकतो. कामाचे स्वरूप काय, ते किती, ते संपले हे ठरवावयाचे कोणी, हे प्रश्न तो विचारीतच नाही. घरी बसून काम करणाऱ्याचे चित्त थाऱ्यावर राहते की नाही, हे त्याच्या उठण्याच्या वेळेपेक्षा या प्रश्नांच्या उत्तरांवर अधिक अवलंबून असते. आणि ही उत्तरे शोधण्यासाठी दूर जावयास नको. पेणच्या गल्लीबोळांत ती शंभराहून अधिक वर्षे नांदत आहेत.

पंचांग हाच मालक

पेणचे गणपती महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाहीत? परंतु पेणचा गणपती ‘कारखान्यात’ तयार होतो असे जे म्हणतात, तो कारखाना पुष्कळदा घराचाच एक भाग असतो, हे बाहेरच्या माणसाच्या ध्यानी येत नाही. देवधरांसारख्या घराण्यांनी ही कला नावारूपास आणली. पुढे ती गावाबाहेर पसरली आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत घरागणिक तिचा संसार थाटला गेला. भावनगरकडून येणारी शाडूची माती, अलीकडच्या काळात प्लास्टर ऑफ पॅरिस, साचे, फळ्या, मांडण्या आणि रंगांचे डबे ही या घरांतील नित्याची सामग्री. पडवीत साचा भरला जातो, ओटीवर घासकाम चालते, आतल्या खोलीत रंगकाम. डोळ्यांची आखणी हे मात्र ज्याच्या हातात ते कौशल्य आहे त्याचेच काम. मूर्तीत जीव येतो तो तिथे, आणि पेणची ख्यातीही मुख्यतः त्यावरच. खडे लावणे, किनार रंगविणे, अंगचे रंग देणे ही कामे घरातील आणि शेजारपाजारच्या स्त्रिया करतात. कोणी रोजावर, कोणी नगावर.

या कामास वरिष्ठ अधिकारी नाही. मालक म्हणावयाचा तर पंचांग हाच मालक. भाद्रपद शुद्ध चतुर्थी टळत नाही आणि कोणाच्या विनंतीवरून पुढेही जात नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला म्हणून चतुर्थी १९ सप्टेंबरला पडली आणि कारागिरांना चार दिवस अधिक मिळाले. २०२५ साली ती २७ ऑगस्टला आली. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर जहाजाने जावयाच्या, म्हणून त्या कितीतरी महिने आधी बांधून तयार असाव्या लागतात. कोणत्या महिन्यात साचे उतरले पाहिजेत, पावसाची झड लागण्यापूर्वी किती माल वाळला पाहिजे, रंगास हात केव्हा घातला पाहिजे, हा सारा हिशेब घरातील लहान मुलासही पाठ असतो. त्यामुळे काम घरात असूनही ते घरभर अस्ताव्यस्त सांडत नाही. त्याला आरंभ आहे, चढण आहे, शेवट आहे. अमुक नग झाले म्हणजे आजचे काम झाले, हे डोळ्यांना दिसते; फळीवर ओळीने उभ्या असलेल्या मूर्तीच ते सांगतात.

कामाला माप असणे याचे महत्त्व दुसऱ्या एका उद्योगावरून अधिक स्पष्ट होईल. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला आणि त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. या संस्थेची रीत अशी की, सभासद भगिनीने सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ तोलून घ्यावयाचे, घरी पापड लाटून वाळवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात नेऊन द्यावयाचे. तेथे मजुरी मिळते आणि नवे पीठ. घर स्वच्छ हवे आणि पापड वाळविण्याइतकी जागा हवी, ही अट. एवढ्या साध्या व्यवस्थेत किती शहाणपण आहे! पिठाचा गोळा संपला की दिवसाचे काम संपले. रात्री दहा वाजता केंद्रातून कोणी आणखी चार गोळे पाठवीत नाही.

घरी बसलेल्या कारकुनाला, हिशेबनीसाला, संगणकावर काम करणाऱ्या अभियंत्याला असा पिठाचा गोळा मिळत नाही, हेच त्याच्या दुःखाचे मूळ. कचेरीत असताना त्याच्या कामाला दुसरे एक माप होते: घड्याळ. साडेदहा ते साडेपाच. काम झाले असो वा नसो, साडेपाचला माणूस उठत असे आणि गाडीची वेळ झाली हे कारण साहेबालाही मान्य करावे लागत असे. पेण-रोह्याच्या प्रवाशाला तर ही सबब फारच भक्कम होती. रोह्याकडील गाड्या मोजक्याच, आणि एक चुकली तर पुढचे काही तास फलाटावर. घरी आल्यावर गाडी उरली नाही, घड्याळही उरले नाही, आणि त्यांच्या जागी कामाचे माप मात्र ठरविले गेले नाही. मग उरते ती केवळ हजेरी. पडद्यावरील हिरवा ठिपका विझू द्यावयाचा नाही, वरिष्ठाच्या निरोपास त्वरित उत्तर धाडावयाचे, जेवतानाही डोळा फोनकडे ठेवावयाचा. असा मनुष्य काम थोडे आणि राखण फार करतो.

रोह्याजवळ धाटाव येथे रसायनांच्या कारखान्यांची वसाहत आहे. तेथील कामगार पाळीने जातो. पाळी सुटली की त्याचे यंत्र दुसऱ्याच्या हाती जाते. ते त्याच्यामागून घरी येत नाही. (कुंडलिकेच्या पाण्याचे काय होते हा निराळा विषय आहे.) त्याच घरातील पदवीधर मुलगा मात्र वडिलांची पाळी सुटल्यानंतरही अमेरिकेतील वरिष्ठांच्या सकाळची वाट पाहत माजघरात बसलेला असतो. कष्टाचे काम वडिलांचे आणि सुखाचे काम मुलाचे असे आईला वाटते. ते सर्वस्वी खरे नाही.

जागेचा प्रश्न

कोकणातील जुन्या घराची रचना पाहिली तर असे दिसते की, घरात काम करावयाचे आहे हे गृहीत धरूनच ती केलेली होती. अंगण, ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, परस. प्रत्येकाचा व्यवहार निराळा. वकिलाचे पक्षकार ओटीवर बसत, वैद्याचे रोगीही तेथेच. दस्तऐवज, औषधांच्या पुड्या, पक्षकारांचे वाद हे सारे माजघराच्या उंबऱ्याअलीकडे थांबे. कामासाठी घर सोडावे लागत नव्हते आणि घरासाठी कामही सोडावे लागत नव्हते. मध्ये एक उंबरा होता, एवढेच. गणपतीचा कारखानाही याच रचनेत सामावला.

आता पेणला इमारती उभ्या राहत आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबई आणखी जवळ आल्यासारखी झाली आहे, आणि ‘शहराजवळ, तरी निसर्गात’ अशा जाहिराती महामार्गाच्या कडेला झळकतात. या सदनिकांत ओटी नाही. एक दिवाणखाना, एक शयनगृह, एक स्वयंपाकघर. त्यात नवऱ्याची कचेरी, बायकोची शाळा आणि मुलाचा वर्ग एकाच वेळी भरू लागला म्हणजे उंबरा घालावयाचा कोठे?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. घरबसल्या काम या विषयावरील एक नावाजलेला प्रयोग चीनमधील शांघाय येथे सीट्रिप या प्रवाससंस्थेत २०१० व २०११ साली झाला. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दूरध्वनी-विभागातील नोकरदारांपैकी काहींना नऊ महिने घरून काम करू दिले आणि काहींना कचेरीतच ठेवले. घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. हा आकडा जगभर गाजला आणि आजही प्रत्येक भाषणात उद्धृत होतो. परंतु त्याच प्रयोगातील दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे, या प्रयोगात भाग घेण्यासाठी घरात स्वतंत्र खोली असणे ही अट होती. आणि तेथील काम दूरध्वनींच्या संख्येने मोजता येण्याजोगे होते. म्हणजे जागा आणि माप या दोन्ही गोष्टी आधीच सिद्ध होत्या. दुसरी गोष्ट अशी की, प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करण्याची मुभा मिळताच घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे कचेरीत परतले. कारण विचारता एकटेपणा हे उत्तर मिळाले. माणसाला चहाच्या वेळी कुरकुर करावयास कोणी तरी लागते. पेणच्या कारखान्यात रंगकामास बसलेल्या बायका हात चालवितानाच गावच्या साऱ्या बातम्यांचा निकाल लावतात. ही सोय सदनिकेतील एकट्या नोकरदाराला नाही.

शिक्षकवर्गाला या साऱ्याची ओळख फार पूर्वीपासून आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, निकालपत्रके, जनगणनेचे व निवडणुकीचे कागद हे शिक्षकाच्या घरी नेहमीच येत आले. त्याला ‘वर्क फ्रॉम होम’ असे नाव कोणी दिले नव्हते, आणि भत्ता तर नव्हताच. २०२० साली ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषणेखाली त्यांच्या घराचा वर्ग झाला. रोहा तालुक्यातील डोंगरउतारांवरच्या आदिवासी वाड्यांत फोनला लहर मिळत नाही. तेव्हा शिक्षकाने धडा पाठविला म्हणजे तो मुलांना पोचला असे होत नव्हते. त्यातच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, छपरे उडाली, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. ज्यांची कचेरी घरी होती त्यांची कचेरी घरासह अंधारात गेली. वीज, जोडणी, खुर्ची, यंत्राची दुरुस्ती या गोष्टी कचेरीत मालकाच्या खर्चाने होतात. घरी त्या नोकराच्या खर्चाने होऊ लागल्या, ही बाब त्या वादळात प्रथमच अनेकांच्या लक्षात आली. मूर्तिकाराला ती वडिलोपार्जित ठाऊक होती. त्याचे छप्पर गळले तर नुकसान त्याचे.

मापाची दुसरी बाजू

येथवरच्या वर्णनावरून पेणच्या कारागिराचे जीवन हा समतोलाचा आदर्श आहे असा समज कोणी करून घेऊ नये. माप जसे राखते तसे ते पिळूनही काढते. नगावर मजुरी घेणाऱ्याला आजारपणाचा दिवस म्हणजे उपवासाचा दिवस. आषाढ-श्रावणात रात्र आणि दिवस यांतील भेद नाहीसा होतो. मूर्ती वाळत नाहीत म्हणून पंखे व दिवे लावून जागावे लागते. मुलांचा अभ्यास फळ्यांच्या दाटीत हरवतो. सरकारी निर्णयांचे तडाखेही घरातच बसतात. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींवर निर्बंध घोषित केले आणि मग त्यांची अंमलबजावणी पुढे ढकलली. त्याच वर्षी साथीमुळे राज्य शासनाने घरगुती मूर्तीस २ फूट व सार्वजनिक मूर्तीस ४ फूट अशी उंचीची मर्यादा घातली, तेव्हा उंच मूर्ती आधीच तयार होऊन उभ्या होत्या. प्लास्टरचा वाद पुढे चालूच राहिला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास परवानगी दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास नाही. नद्या-तलावांच्या दृष्टीने निर्बंध योग्यच आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत ऐन हंगामात काय करावे आणि काय न करावे हे कारागिराला वेळेवर कळले नाही, हेही तितकेच खरे.

आणि स्त्रियांचे काय? घरातील काम व घरचे काम यांत मराठीने एका प्रत्ययाचा फरक ठेवला आहे. व्यवहारात तेवढाही राहत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, तर भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. पुरुष घरून काम करू लागला म्हणजे घर गप्प बसते. ‘बाबांचे काम चालू आहे’ असे मुलांना बजावले जाते. स्त्री घरून काम करू लागली म्हणजे ‘आई घरीच आहे’ असे म्हटले जाते. पेणच्या ओटीवर किनार रंगविणारी बाई आणि रोह्याच्या सदनिकेत विमा कंपनीचे हिशेब जुळविणारी बाई यांच्या शिक्षणात व मिळकतीत मोठे अंतर असेल. या एका बाबतीत मात्र दोघी सारख्याच. दोघींच्या कुकरच्या शिट्ट्या कामातच मोजल्या जातात.

कायद्याने या प्रश्नाकडे अगदीच पाहिले नाही असे नाही. घरी विडी वळणाऱ्या मजुरास १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामगार मानले. असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेच्या २००८ च्या कायद्यात घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. इला भट यांनी १९७२ साली स्थापिलेल्या ‘सेवा’ या संघटनेने अशा स्त्रियांचा प्रश्न जागतिक व्यासपीठावर नेला आणि १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने गृहकामाविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. घरी काम करणाऱ्यास इतर वेतनी कामगारांप्रमाणे वागणूक मिळावी हे त्याचे सार. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. दुसऱ्या टोकाला, फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० हून अधिक नोकर असलेल्या संस्थांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काविषयी नोकरांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक २०१८ साली आणि पुन्हा २०२५ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले. खासगी विधेयकांचे आपल्या संसदेत काय होते हे नागरिकशास्त्राच्या शिक्षकांस सांगावयास नको.

कायद्याची वाट न पाहताही काही गोष्टी होण्याजोग्या आहेत. ‘दूरस्थ काम’ ही कल्पना अमेरिकेत जॅक निलेस यांनी १९७३ साली मांडली. तेव्हा त्यांच्यापुढे प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसावे असे चित्र नव्हते. मोठ्या शहरातील एका कचेरीऐवजी लोकांच्या वस्तीजवळ छोट्या छोट्या कचेऱ्या असाव्यात, असा त्यांचा विचार होता. ही मूळ कल्पना पेण-रोह्याला अधिक लागू पडते. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालतात. दुपारी त्यांतील पुष्कळ बाके रिकामी असतात. नगरपालिकेने तेथे खात्रीची वीज व चांगली जोडणी दिली, माफक शुल्क ठेवले, तर ज्याच्या घरी ओटी नाही त्याला ओटी मिळेल. स्त्रियांना तर ती घराबाहेरची जागा म्हणून अधिकच उपयोगी पडेल. सायंकाळी सातला ग्रंथपाल दिवे मालवू लागला म्हणजे उठावेच लागेल.

मालकवर्गाकडून अपेक्षा एवढीच की, त्याने हजेरी मोजणे सोडून काम मोजावे आणि ते सकाळीच तोलून द्यावे. हे शिक्षणसंस्थांच्या चालकांनाही लागू आहे आणि शासकीय खात्यांनाही. रविवारी रात्री धाडलेले ‘तातडीचे’ परिपत्रक सोमवारी सकाळी धाडल्याने कोणाचेही नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. आणि पेणच्या कारखान्यात रंगाची वाटी घेऊन बसणाऱ्या बाईला कारकुनाजवळ असलेल्या तीन गोष्टी हव्या आहेत: आजारपणाची पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि हंगामातही सुटणारा एक वार. अनंत चतुर्दशीनंतर फळ्या धुऊन उभ्या केल्या जातात, ओटी पुन्हा ओटी होते, आणि पुढच्या वर्षीच्या साच्यांची बोलणी सुरू होईपर्यंत थोडी उसंत मिळते. मजुरीचे दर ठरतात ते याच उसंतीनंतर. तेव्हा या तीन गोष्टींचे बोलणे करावयाचे तर तेही त्याच वेळी करावे लागेल.